वाऱ्याकडची बाजू

कॉफीची सगळी रोपं थोरलीनेच वाढवली होती. बी तिने निवडलं, पिशव्या तिने भरल्या, रोज पाणीही तिनेच घातलं. लावणीच्या वेळी सासूने त्यातली अर्धी धाकट्या जावेला द्यायला लावली. थोरलीने दिली, पण मनातून धुसफुसत.

जमीन एकाच टेकडीवर, दोन अंगांना होती. रस्त्याकडची मोकळी, उजेडाची बाजू थोरलीने हट्टाने मागून घेतली. धाकटीच्या वाट्याला मागचा खोलगट तुकडा आला.

वर्षभरात धाकटीची झाडं कमरेला लागली. थोरलीची गुडघ्यापाशीच अडली. पानं फाटकी, कोवळे शेंडे काळवंडलेले.

"धाकटीच्या हाताला गुण आहे हो," सासू जेवताना म्हणाली.

थोरली मनात चरफडली. रोपं माझी, आणि गुण हिच्या हाताला?

एकदा धाकटी बाजारात गेलेली पाहून ती तिच्या बागेत शिरली. ही गुपचूप कुठलं खत घालते, ते बघायचं होतं. माती उकरली, हुंगली. काही वेगळं नव्हतं. तेवढ्यात वारा सुटला. वरच्या बांधावरची जुनी झाडं घुसळून निघाली, पण खाली तिचा पदरसुद्धा हलला नाही.

ती तशीच आपल्या बाजूला आली. एकेक रोप वाऱ्याने हेलकावे खात होतं. बुंध्याभोवती मातीत वाटीएवढा खळगा पडला होता आणि त्याच्या कडेला घासून साल सोलवटली होती.

कारण कळलं, पण जळफळाट वाढलाच. धाकटीने लबाडी केली असती तर निदान भांडता आलं असतं. बाजू तर थोरलीने स्वतःच मागितली होती.

थोरली काठ्या रोवू लागली तेव्हा धाकटी जुन्या कापडाच्या पट्ट्या घेऊन आली.

"जाऊबाई, बांधू लागू का?"

"तुझं तू बघ."

"माझ्याकडे सध्या काही कामच नाही."

हेही थोरलीला झोंबलं. तरी ती म्हणाली, "सैल बांध मग. आवळलंस तर काचेल."

बुंध्यांना मातीची भर दिली, वाऱ्याच्या तोंडाशी भराभर वाढणारी झाडं दाट लावली. हळूहळू रोपं सावरली, फळलीही. पण धाकटीच्या झाडांपेक्षा ठेंगणीच राहिली.

धाकटीच्या बागेकडे आपण ढुंकूनही बघत नाही, असं थोरली सांगते. तिथे नवी फांदी फुटली की सगळ्यांत आधी तिलाच कळतं.