आमच्याकडे नाहीच ते

मीरा रोडच्या ज्या ऑफिसात मी काम करायचो, तिथेच रात्री अंथरूण टाकायचो. नववीत शाळा सोडून राजापूरकडून आलेल्या मला सरांनी ठेवून घेतलं, कॉम्प्युटर शिकवला. ते उपकार आहेतच. सर निवृत्त मास्तर. पत्रं-अर्ज लिहायचा एक प्रोग्राम जगातल्या कोणी कोणी मिळून बनवला आणि सगळ्यांसाठी मोकळा सोडला होता. सरांनी मित्रांना हाताशी धरून तो मराठीत आणला. सीडी फुकट वाटायचे. ऑफिस एका ट्रस्टच्या मदतीवर चाललं होतं. त्या वर्षी ट्रस्टवाल्यांनी विचारलं, हे वापरतं कोण? जुनी आवृत्ती कोणाकडे आहे, नवी कोणी घेतली? दाखवा, नाहीतर बंद करू.

ते बघायला सरांनी मला धाडलं. पिशवीत नव्या आवृत्तीच्या सीड्या, डोक्यात एकच प्रश्न. ऑफिस बंद झालं तर मी जाणार कुठे?

टायपिंगवाले, झेरॉक्सवाले, क्लासेस. घोडबंदरपर्यंत फिरलो, उत्तर एकच. "आमच्याकडे नाहीच ते." कोणी स्क्रीनला पाठ लावून उभं राहायचं, एकाने तर सरळ वायरच ओढली. मला वाटलं, आपलं बोलणंच गावंढळ, म्हणून कटवतायत.

शेवटी भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पाली गावात गेलो. तिथे एक मावशी घरातच होडीवाल्यांचे अर्ज टाइप करून द्यायच्या. मी प्रोग्रामचं नाव काढलं आणि त्यांनी मशीनवर चादर टाकली.

"न्हाय हाय आमचेकडं."

मी निघालो, तर मावशी आतून सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आल्या आणि माझ्या हातात कोंबली. "घे दादा. आन तुझ्या सायबाला सांग, पालीत कायच न्हाय."

"कुठल्या साहेबाला?"

"धाडीच्या!"

काही दिवसांपूर्वी भाईंदरला एका क्लासवर चोरीच्या सॉफ्टवेअरसाठी धाड पडली होती, मशीनं टेम्पोत घालून नेली होती. म्हणजे ही सगळी माणसं मला घाबरत होती? मला? आयुष्यात मला कोणी घाबरलं नव्हतं.

"अहो मावशी, हे चोरीचं नाहीच. कॉपी करा, वाटा, असं बनवणाऱ्यांनीच सांगितलंय."

"फुकट?"

"फुकट."

"मग तू कशाला उन्हातानात फिरतोस?"

"कोण वापरतंय ते बघायला."

"तेच तर धाडवाले पन बघतात!"

मी बोंबील परत त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, मी काही घेत नाही, द्यायलाच आलोय. त्यांनी पिशवी आत नेऊन ठेवली. मग चादर निघाली. आत आमचाच प्रोग्राम, अगदी पहिली आवृत्ती. भाचीच्या हळदीला कोणी पाहुण्याने सीडी दिलेली. त्या पाहुण्याला त्याच्या मेहुण्याने. सरांनी तर पालीत एकही सीडी दिली नव्हती!

नवी आवृत्ती टाकताना त्या मशीन बंद करायच्या बटणावर बोट ठेवून बसल्या होत्या. "माझा एक जरी अर्ज उडाला ना, तुला खाडीत बुडवीन." सगळे अर्ज उघडले तेव्हा कुठे बोट हललं, आणि त्यांनी फोन उचलला. "अगो, आन तुझा मशीन. तो धाडवाला न्हाय हाय. खुळा हाय जरासा, पन धाडवाला न्हाय."

घराघरांतून आमचाच प्रोग्राम निघत गेला, संध्याकाळपर्यंत मी त्या गल्लीतून हललो नाही.

परत येऊन सांगितलं तर सर म्हणाले, "अरे, मी वर्षभर समजत होतो, कुत्रंसुद्धा विचारत नाही आपल्याला."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः माझ्याबरोबर निघाले. ऑफिससमोरच्या झेरॉक्सवाल्यापासूनच सुरुवात केली. भाईंदरच्या धाडीपासून तो मला रोज हाक मारून चहा पाजायचा. परक्या गावात कोणीतरी आपलं आहे, असं मला वाटायचं. त्याच्या तिन्ही मशीनवर आमचा प्रोग्राम!

"क्या करता यार," तो खाली मान घालून म्हणाला, "डर के मारे ही तो चाय पिलाता था."

मला हसू येईना. सर मात्र डोळे पुसेपर्यंत हसले.

ट्रस्टची माणसं आली तेव्हा सरांनी त्यांना ऑफिसात बसवलंच नाही, रिक्षात घालून थेट पालीला नेलं. मी दिवसभर ऑफिसात एकटा, पोटात अन्न जाईना. अंधार पडायला सर आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "वर्षभर चालू ठेवतायत. जेवलास का?"