पाण्याच्या पिंपांआडचं गाणं

तुमच्या बाबांनी मागच्या खेपेला आजोबांच्या सगळ्या जुन्या तबकड्या आणि कॅसेटी फाइली करून एका काळ्या डब्यात, म्हणजे हार्ड डिस्कवर, उतरवून दिल्या, तेव्हा तुम्ही इथेच होतात. या फाइली लॉसलेस, म्हणजे गाण्यातलं काहीही न गाळलेल्या, म्हणूनच मोठ्या. पण तो डबा ठेवला कुठे, हे तुमच्या लक्षात राहिलं नसेल. मी मात्र विसरले नाही.

आपल्या घराचे दोन भाग. एकात आम्ही, दुसऱ्यात तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ. तुमचे चुलत आजोबा गेल्यापासून ती एकटीच असते. इंटरनेटची तार तिच्या बाजूच्या खांबावरून येते, म्हणून राउटर तिच्या टीव्हीखाली आणि काळा डबाही तिथेच. आमच्या हॉलमधल्या प्लेअरपर्यंत आणि त्याला जोडलेल्या स्पीकरपर्यंत गाणं वायफायवरून यायचं. म्हणजे यायला हवं होतं. तान वर चढायची आणि मध्येच गप्प. मग पुन्हा सुरू, पुन्हा गप्प.

"आपल्याकडं तुटतं गं," आजोबा म्हणाले. "तिकडं सलग वाजतं." आणि चष्म्याची डबी खिशात टाकून ते तिकडे गेले.

मग ते रोजचंच झालं. चहा इथे, गाणं तिथे. पुढे चहाही तिथेच. जाऊ माझ्यासारखी कॉलेजात गेली नाही, सिल्लोडकडच्या एका वाडीत वाढली, पण गाणं तिला कळतं. गायिकेने श्वास कुठे चोरला, सूर कुठून उचलला, हे ती बोलता बोलता सांगते आणि आजोबा मांडीवर थाप मारतात. ती थाप मला भिंतीतून ऐकू यायची. माझ्या कुठल्याही बोलण्यावर त्यांनी अशी थाप मारल्याचं मला आठवत नाही. मला कळतं ते मॅन्युअल. म्हणून मी राउटरचं मॅन्युअल उघडलं.

तुमच्या बाबांना फोन केला. त्यांनी सांगितलं तसं एकेक केलं. आधी राउटर बंद करून सुरू केला, मग त्याचा चॅनेल बदलला, मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन गाणं आधीपासून जास्त साठवून ठेवायला सांगितलं. साधी, लहान केलेली गाणी नीट वाजत. पूर्ण गाणीच अडखळत. म्हणजे डबा ठीक, स्पीकर ठीक; वाटेत काहीतरी अडत होतं. मी जाऊच्या टीव्हीपुढे जमिनीवर बसून राउटरचे दिवे बघत होते, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "जाऊबाई, इंग्रजीत शिव्या द्या त्याला. मराठी कळत नसंल."

आजोबा हसले. इतकं हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

मग एका संध्याकाळी गाणं आमच्याकडे सलग वाजलं. आजोबा सोफ्यावर बसून राहिले, पाय वर घेऊन. मला वाटलं, चॅनेल लागू पडला. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. आपल्या शहरात ते किती दिवसांनी येतं, हे तुम्ही पाहिलंच आहे. दोन्ही घरांची पिंपं मधल्या बोळात, जो आमच्या हॉलकडून उघडाच आहे, तिच्या भिंतीशी ओळीने असतात, कारण नळीही तिथपर्यंतच पोचते. आम्ही दोघींनी ती काठोकाठ भरली. आणि संध्याकाळी गाणं पुन्हा तुटलं. आजोबांनी चष्म्याची डबी उचलली.

मी बोळात जाऊन उभी राहिले. भिंतीच्या त्या बाजूला राउटर, या बाजूला माझा प्लेअर, दोन्ही टीव्हीखाली, आणि मध्ये निळ्या पिंपांची रांग. पाण्यातून वायफाय नीट जात नाही, हे मॅन्युअलमध्ये फिशटँकच्या बाबतीत लिहिलेलं होतं. फिशटँक आपल्याकडे नाही, म्हणून मी ते पान सोडलं होतं.

खात्री करायची तर पिंपं रिकामी करायला हवीत. पण इथे पाणी ओतून कोण देतं? मग मी धुणं काढलं. पडदे, सोफ्याची कव्हरं, सगळ्या चादरी, शेवटी गोधड्यासुद्धा.

"आवं, पाव्हणे येणार हायेत का?" जाऊने विचारलं. "का पोरगी बघाया येणार हायेत?"

"पडदे कळकट झाले होते."

"गोधड्या बी?"

गाणं सलग वाजलं. पण पुढचं पाणी यायच्या आत आमची पिंपं कोरडी पडली, आणि सकाळी माझ्या दारात एक भरलेली बादली होती. जाऊने ठेवलेली. तिने चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

पिंपं हलवायला दुसरी जागा नव्हती. उपाय एकच: राउटरपासून माझ्या प्लेअरपर्यंत केबल, पिंपांच्या वरून, आणि त्यासाठी तिच्या भिंतीला भोक. ते मला तिच्याकडे मागावं लागलं. मी पाणी, सिग्नल, सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

"म्हंजी दादा आता इकडं यायचे नाय." आजोबांना ती दादाच म्हणते.

"गाणं तिकडे नीट लागेल, एवढंच."

"व्हय की," ती म्हणाली. "पाडा भोक. तुमचं बी घरच हाय."

केबल टाकली. त्या संध्याकाळी एकही सूर तुटला नाही. पिंपं काठोकाठ भरलेली होती, आजोबा सोफ्यावर होते, चहा मी केलेला होता. मी त्यांच्या शेजारी बसले. एका जागी गायिका खाली येता येता थांबली, मलासुद्धा काहीतरी झाल्यासारखं वाटलं, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. पण तोंड भिंतीकडे होतं.

"ऐकलंस का गं?"

"ऐकलं, दादा," पलीकडून आवाज आला. "श्वास नाय घेतला तिनं, बघा."

भोक केबलपेक्षा मोठं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पुट्टी आणून ते स्वतः नीट बुजवलं, वरून रंगाचा हातही दिला. आवाज जातोच. भिंत एकेरी विटेची आहे.