पडवीतली खानावळ

तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा तिला ताई म्हणायची. हे तिच्या धाकट्या भावामुळे झालं. भाऊ पाहुण्यांच्या गाडीवर ड्रायव्हर. त्याच्या तोंडाला क्षणाची उसंत नसायची, म्हणून बेटावर त्याला सगळे रेडिओ म्हणत. गाडीतून एक पाय खाली टाकला की हा रस्त्यावरूनच ओरडायचा, "ताई, आलो गं! पाच पानं मांड!" मग ती पाच माणसंही जेवून उठेपर्यंत तिला ताई म्हणायला लागत.

खानावळ काढायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं. लग्न झाल्यापासून ती बंदरावरच्या शेडमध्ये मासळी साफ करायला जायची. पायाखाली सदा ओलं, समोर बर्फाचे ढीग. दुपारपर्यंत बोटं अशी आखडायची की घरी आल्यावर पदराची गाठही सुटायची नाही. नवऱ्याची एक छोटी होडी होती. तिचं इंजिन लाडावलेल्या पोरासारखं, दहा वेळा चुचकारल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. घर म्हणाल तर डांबरी रस्ता संपतो तिथलं शेवटचं. दोन खोल्या, मागे चूल आणि समुद्राच्या बाजूला पत्र्याची लांबलचक पडवी. त्या पडवीत जाळी वाळत असायची आणि सासूबाई खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचा उद्धार करत असायच्या.

किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांत तेव्हा एक गंमत चालायची. बेटाच्या चारी बाजूंना समुद्र, पण ताटातला मासा यायचा जहाजातून, खोक्यात गोठलेला. पाहुणे दोन दिवस खायचे, तिसऱ्या दिवशी रेडिओला विचारायचे, "तुम्ही लोक कुठे जेवता हो? तिथे न्या." रेडिओने ते मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी तो पायी फिरून टपऱ्या, खानावळी पालथ्या घालायला लागला. कोण कालचं तेल आज वापरतं, कोण सकाळी शिजवून दिवसभर गरम करतं, सगळं त्याला ठाऊक झालं. परीक्षा त्याची एकच होती. "जिथे बाई स्वतःच्या हातचं स्वतः जेवते, तिथेच बसायचं," असं तो सांगायचा.

एके दुपारी त्याने ठरवलेल्या खानावळीला कुलूप निघालं. गाडीत चार भुकेली माणसं. तो त्यांना थेट बहिणीकडे घेऊन आला. ताई घाबरी झाली. बसायला धड पाट नाहीत, ताटं एकासारखी एक नाहीत. नशिबाने नवरा नुकताच किनाऱ्याला लागला होता. तिने त्याच्या टोपलीतले चार मासे घेतले, नारळ आणि हिरवी मिरची वाटली, वर लिंबू पिळलं आणि भात टाकला. माणसं जेवायला बसली तशी बोलायची थांबली. एका बाईने बोटं चाटत विचारलं, "याला काय म्हणतात हो ताई?"

"याला काय म्हणणार? मासा म्हणतात," ताई म्हणाली. सगळे हसले. हसण्यासारखं काय झालं ते तिला कळलं नाही, पण बरं वाटलं.

तिथून सुरुवात झाली. पडवीतली जाळी मागे गेली, बाकं आली. ताईने शेड सोडली. नवरा अंगाने काटकुळा आणि अबोल, पण त्याच्यातही एक नट लपलेला निघाला. पाहुणे बसले की तो मासा हातात घेऊन यायचा, अंगठ्याने कल्ला उघडून दाखवायचा आणि एवढंच म्हणायचा, "बघा. लाल." लोक फोटो काढायचे. कुणीतरी फोनवर लिहिलं की तासापूर्वी पोहत असलेला मासा इथे ताटात येतो. मग जो येईल त्याला तेच हवं झालं. सासूबाई खाटेवरून म्हणायच्या, "उद्या म्हणतील, पोहत असतानाच वाढा." तरी त्याही खूश होत्या. पहिल्यांदाच त्यांना टोमणे मारायला रोज नवी माणसं मिळत होती.

आणि ताई? तिची बोटं मऊ झाली. दुपारचं आवरून ती आणि नवरा पडवीत समोरासमोर बसून जेवायचे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे कधी जमलं नव्हतं.

मग तो वाऱ्याचा आठवडा आला. होड्या वाळूत वर ओढून ठेवलेल्या. खडकांवर लाटा फुटत होत्या आणि पत्रा रात्रंदिवस थरथरत होता. सकाळी रेडिओचा फोन आला.

"ताई, चौदा माणसं आहेत. प्रवास कंपनीचे साहेब स्वतः आहेत. त्यांना पसंत पडलं तर आठवड्याला बस लागेल तुझ्या दारात. पण मासा ताजा पाहिजे बघ. त्याच्यासाठीच येतायत."

"अरे, समुद्र बघितलास का?"

"भावजींना विचार तरी. खडकांच्या आतल्या बाजूने जमेल त्यांना. आणि नाहीच जमलं तर बघू काय ते."

तिने नवऱ्याला विचारलं नाही. फक्त सांगितलं, "भाऊचा फोन होता. चौदा माणसं आणतोय. मी नाही म्हणून कळवते."

नवरा उंबऱ्यात उभा राहून बाहेर बघत होता. "नाही कशाला? आत पाणी बरं दिसतंय. असा जातो आणि असा येतो."

"नको."

ती नको म्हणाली. पण म्हणताना तिचा हात थांबला नव्हता. विळीवर नारळ खवला जातच होता. नवऱ्याने ते पाहिलं की नाही, कोण जाणे. इंजिन त्या दिवशी पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

माणसं वेळेवर आली. नवरा आला नव्हता. ताईने पाणी दिलं, नारळ फोडून दिले, तळलेलं काहीबाही पुढे केलं. साहेब घड्याळ बघायला लागले. रेडिओ स्वयंपाकघरात आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "भावजी कुठे अडकले? पेटीत काही आहे का?"

पेटीत वारा सुटायच्या आधीचे मासे होते, बर्फात ठेवलेले. वाऱ्याचे दिवस काढायला, घरच्यांसाठी. ताईने ते बाहेर काढले. हात तेच करत राहिले जे रोज करत, पण डोळे खिडकीतून पाण्यावर. दोनदा तिने मीठ घातलं की नाही ते आठवलं नाही म्हणून चाखून पाहिलं, आणि दोन्ही वेळा तिला चव लागलीच नाही.

पहिला घास घेऊन साहेब म्हणाले, "वा! ताजा मासा म्हणजे काय, ते आज कळलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रेडिओ मोठ्याने हसला. ताई भात वाढत होती. पानापाशी वाकायचं, सरळ व्हायचं, समुद्राकडे बघायचं, पुढच्या पानापाशी जायचं. साहेबांनी विचारलं, "यजमान दिसत नाहीत? त्यांच्यासोबत एक फोटो काढायचा होता."

"येतीलच इतक्यात," ताई म्हणाली.

बसचं नक्की करून साहेब गेले. रेडिओची गाडी वळणाआड होताच ताई वाळूत धावली. हात खरकटेच होते. तोवर किनाऱ्यावर माणसं जमली होती, पण होडी पाण्यात घालायची कुणाची छाती होईना. लाट होडीला उचलून परत वाळूत आपटत होती. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर होडी सापडली, खडकांच्या फटीत आडवी अडकलेली. नवरा सापडला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

सासूबाई रडल्या नाहीत. घरात भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, समुद्राने नेलं. त्या खाटेवरून उत्तर द्यायच्या, "समुद्राने नाही. चौदा पानांनी नेलं माझ्या पोराला." ताई तिथेच बसलेली असायची.  

रेडिओ कित्येक महिने घरी फिरकला नाही. लोक सांगायचे, गाडीत हल्ली तो अक्षर बोलत नाही, पाहुण्यांना वाटतं मुका आहे. ताई परत शेडमध्ये जायला लागली. बोटं पुन्हा आखडली. एका सकाळी बर्फात हात घातला आणि तो बाहेर काढवेना. तिला बधिरपणा आवडायला लागला होता. त्याची तिला भीती वाटली. तिने दुपारी भावाला फोन केला.

"माणसं आण."

पलीकडे गाडीचं इंजिन बंद झालं.

"ऐकतोयस ना? मी शेडमध्ये मरणार नाही. माणसं आण. पण वारा असेल त्या दिवशी मासा मिळणार नाही. डाळभात मिळेल, भाजी मिळेल. गाडीत बसायच्या आधीच सांगायचं त्यांना."

"ताई, मी..."

"ते नंतर," ती म्हणाली. आणि ते नंतर कधीच झालं नाही.

माणसं आली. मासे ती दुसऱ्या होड्यांकडून घ्यायची, होड्या गेल्या तरच. पण वाऱ्याच्या दिवशी पाहुणे पडवीत बसून समोरच्या समुद्राकडे बोट दाखवायचे. "एवढा समुद्र आणि मासा नाही?" काही जेवायचे, काही उठून जायचे. वर्षभरात रस्त्याने अलीकडच्या तिसऱ्या घरात होड्या बांधणाऱ्या सुताराच्या बायकोने खानावळ काढली. तिथे वारा असो नसो, मासा मिळायचाच; सुतार स्वतः होडी घेऊन जायचा. कंपनीची बस तिकडे वळली. बस चालवायला होता रेडिओ. तो माणसांना सुतारणीकडे उतरवायचा, मग खाली मान घालून बहिणीकडे येऊन डाळभात खायचा. दोघं एकमेकांशी मीठ-पाण्यापुरतंच बोलत.

एका वादळी सकाळी सुतार होडी ढकलताना ताईला दिसला. ती सरळ सुतारणीच्या स्वयंपाकघरात गेली.

"परत बोलाव त्याला."

सुतारीण मसाला वाटत होती. "बस यायचीय, ताई."

"बसला डाळभात घाल. मी देते माझ्याकडचा. पण त्याला बोलाव."

"डाळभात खायला कोण येतं इथे? तुमच्याकडे येतं का कुणी?" सुतारणीने वरवंटा बाजूला ठेवला. तिचे डोळे लाल झाले होते, मिरचीने असतील. "तुमचं झालं, त्याचं वाईट मलाही आहे. पण तुम्हीही त्या दिवशी वाढतच होतात ना? मग मला कशाला शिकवता?"

 ताई मागच्या दाराने बाहेर जाऊन वाळूत बसली. थोड्या वेळाने सुतारीण आली आणि दोन हात अंतर सोडून बसली. तिच्या हातांना मसाला तसाच होता. सुतारणीच्या पडवीत बसची माणसं येऊन बसली, कुणी ताटं वाजवत होतं. दोघींनी मागे वळून बघितलं नाही.

होडी आली. आधी नुसती काळी रेघ, मग लाटेआड, मग पुन्हा रेघ. सुतार कमरेइतक्या पाण्यात उडी मारून हसत आला, खांद्यावर अर्धी टोपली. पडवीत टाळ्या पडल्या. सुतारीण उठली, नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता टोपली हिसकावून घेतली आणि आत गेली. चूल पेटलेलीच होती.

ताई घरी आली. सासूबाई खाटेवर उठून बसल्या होत्या.

"आला का तो?"

"आला."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

ताईने डाळ धुवायला घेतली. बाहेर वारा वाढत होता. पुढच्या वाऱ्यालाही सुतार जाणार, हे तिला माहीत होतं. ते सुतारणीलाही माहीत होतं.