तगरीच्या कुंडीतली राख

माझा स्वभाव मुळातच संशयी, आणि नोकरीने तो पक्का केला. नांदेडला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत निवृत्त होईपर्यंत काम केलं. मुदखेड, भोकरकडचे शेतकरी पिशवीत माती घेऊन यायचे. कुठली माती, विचारलं की "शेतातली" म्हणायचे. खोदून विचारलं की कळायचं, उन्हात सगळं शेत कोण फिरणार म्हणून ज्या झाडाखाली भाकरी खाल्ली तिथलीच मूठभर उचलून आणली आहे. तेव्हापासून कुणी पटकन उत्तर दिलं की मला आधी शंका येते.

त्यामुळे लातूरहून आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "तगरीला मिनरलची पावडर आणली बग. दुकानवाला म्हणला, पंधरा दिवसांत हिरवीगार व्हती."

"आप्पा, तुम्हाला कुणीही काहीही विकतं."

"विकू दे की. झाड पिवळं पडून राहिलंय. काहीतरी करावं लागंल का न्हाई?"

ही तगर आईने लावलेली. वरच्या मजल्याच्या गॅलरीत, सिमेंटच्या कुंडीत. आई गेली तेव्हा मी, त्यांची एकुलती एक लेक, आप्पांना म्हणाले होते, आता नांदेडला चला. त्यावर भरल्या बैठकीत ते म्हणाले, "जोवर ही तगर फुलती तोवर मी लातूर सोडत न्हाई." आप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढे त्यांचे गुडघे गेले. एकदा जिन्यात पाय घसरला, तेही शेजारणीने फोन केला म्हणून मला कळलं. मग तगर पिवळी पडल्याचं ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरं वाटलं, आणि त्याची लाज वाटली. म्हणूनच बहुधा मी त्या पावडरीवर एवढी तुटून पडले.

पुढच्या फेरीत मी तगरीच्या दोन काड्या तोडल्या, कुंडीतली थोडी माती कागदात बांधली आणि पावडरीचा एक डबा मागितला. "घेऊन जा, अजून हायत," आप्पा म्हणाले. नांदेडला दोन सारख्या कुंड्यांत सारखी माती भरून काड्या लावल्या. एकीला डब्यावर लिहिल्याप्रमाणे पावडर, दुसरीला नुसतं पाणी. माझे यजमान दुसरीत गुपचूप चहाचा चोथा टाकतात असाही मला संशय होता. तो खोटा निघाला.

दोन्ही काड्या जगल्या. दोन्हींना सारखी पालवी फुटली, पुढे कळ्याही आल्या. कुंडीवर खडूची खूण नसती तर पावडरवाली कुठली ते मलाच सांगता आलं नसतं. डब्यावरच्या चित्रातले गुलाब तेवढे टपोरे होते. बऱ्या मातीत जे आधीच आहे, ते विकत आणून वर टाकण्यात काय हशील?

मग आईचीच तगर का पिवळी? कागदात बांधलेली माती भिजवून तपासली. विम्लता, म्हणजे मातीतला क्षारपणा, इतकी, की तपासणीची कागदी पट्टी गडद निळी झाली. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, याचा अर्थ मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितलेला: जमिनीत लोह आहे, पण झाडाला ते घेता येत नाही. वरून पावडर टाकली तर तीही तशीच पडून राहते. पण कुंडीत ही खराबी आली कुठून? बोअरचं पाणी म्हणावं, तर त्याच पाण्यावर शेजारणीची तुळस डोलत होती.

न कळवता सकाळच्या एसटीने लातूर गाठलं. आप्पा पूजेला बसले होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. पूजा झाली, ताटलीत पाणी उरलं, भस्माने करडं झालेलं. हे पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून पूर्वी ते जिना उतरून मागच्या बेलाखाली ओतायचे. आता भिंत धरत गॅलरीपर्यंत गेले आणि ताटली तगरीत रिकामी केली. भस्म म्हणजे शेवटी शेणाची क्षारयुक्त राख; तीही रोज, एवढ्याशा कुंडीत.

एक वाक्य बोलायचं होतं, ते मी गिळलं. बोलले तर झाड जगणार आणि आप्पा त्या जिन्यासकट इथेच राहणार. नाही बोलले तर लवकरच माझ्या घरी. दुपारभर भाजी निवडत बसले आणि मलाच माझी किळस आली.

शेवटी चहाच्या वेळी सांगून टाकलं. "आप्पा, भस्माच्या पाण्यानं झाड मरत चाललंय. ते पाणी बादलीत साठवा, खाली नेऊन ओतायची सोय मी करते. माती बदलली की वाचेल."

"वाचंल?" आप्पा म्हणाले. "नक्की?"

आवाजात आनंद नव्हता, मला त्याचाच संशय आला. उठून गॅलरीत गेले. कोनाड्यात पावडरीचे तीन डबे होते. तिन्ही सीलबंद.

"आप्पा, पावडर घातलीच नाही तुम्ही?"

ते बशीतला चहा फुंकत राहिले. "राखेनं कुंडी खराब व्हती हे मला आज कळलं व्हय माय? तुझी आई चिमूटभर टाकू देत नव्हती."

"मग पावडर कशाला आणली?"

"लोक इचारतेत ना, झाडाला काय करून राहिले म्हणून. दाखवायला." बशी खाली ठेवली. "चार माणसांत बोलून बसलो. माघार कशी घेऊ? तू एकदा चला म्हणलीस. पुन्हा म्हणलीच न्हाईस."

साऱ्या जगाच्या बोलण्यावर संशय घेणारी मी, आणि तगरीच्या त्या एका वाक्यावर मात्र इतके दिवस डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

"चला आप्पा," मी म्हणाले. "तगर तिकडंबी लागलीय. दोन कुंड्या."

"पावडर घातलेली जास्त वाढली का?"

"दोन्ही सारख्याच."

"म्हणजे दुकानवाल्यानं फसवलंच की मला," आप्पा म्हणाले, आणि प्रवासाची पिशवी कुठे आहे ते शोधायला उठले.