थांबा, कब्जा बसू द्या

"थांबा, कब्जा बसू द्या माहा."

मधल्या सुट्टीत डबा उघडला की मॅडमचं हे पहिलं वाक्य. दोन्ही हातांची बोटं कानांच्या पुढ्यात टेकवायच्या, जबडा जरा डावीकडे न्यायच्या आणि आत कट् असा आवाज व्हायचा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यालाही तो ऐकू जायचा. मग हसून वरणात कालवलेल्या भाकरीचा पहिला घास घ्यायच्या. दार चौकटीला धरून ठेवणाऱ्या बिजागरीला आमच्याकडे कब्जा म्हणतात. तुम्हीही कानापुढे बोटं ठेवून आ करून बघा, तुमचाही हलताना लागेल. आपला निमूट हलतो, म्हणून आपल्याला त्याची आठवण होत नाही.

मेहकरला आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. सुलतानपूरहून रोज एसटीने येणं-जाणं. आवाज असा खणखणीत, की त्यांचे वारे आणि पर्जन्य शेजारच्या माझ्या वर्गालाही आपोआप पाठ व्हायचे. वरचे दात पुढे होते. ओठ मिटायला जरा मेहनत पडायची, म्हणून बहुतेक त्या मिटतच नसत. सारख्या बोलत तरी असत, नाहीतर हसत. पोरांना त्या दातांचं काही वाटत नव्हतं. आम्हालाही नाही. नांदुऱ्याच्या एका घराला मात्र वाटलं.

घर धान्याच्या अडत्याचं, मुलगा सरकारी नोकरीत. मॅडमच्या वडिलांना हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. वय वाढत चाललं होतं आणि घरात दुसरा विषय नव्हता. मुलाची आई बघून गेली आणि निरोप आला, पोरगी पसंत आहे, फक्त दात तेवढे आत घ्या, मग सुपारी फोडू. सुताराला सांगावं ना, दार घासतंय, जरा रंधा मारून द्या, त्याच सुरात! मला तेव्हाच शिसारी आली होती. मॅडम मात्र म्हणाल्या, "जाऊ द्या हो ताई. बाबाले बरं वाटते."

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दात मागे घ्यायचे तर आधी जागा करावी लागेल. वरचे दोन, खालचे दोन, असे चार धडधाकट दात काढले आणि तारा बसवल्या. पोरांनी लगेच मॅडमच्या तोंडात रेल्वे आली म्हणून जाहीर केलं. मॅडमनीच फळ्यावर रूळ काढून दाखवले आणि म्हणाल्या, "हाव, आता मालगाडी कुठून कुठं जाते ते सांगा."

नांदुऱ्याहून दर महिन्याला फोन यायचा. मुलाचा नव्हे, त्याच्या आईचा. "किती आत गेले?" एवढीच विचारपूस. मॅडम व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बोलायच्या. बोलायच्या कसल्या, हो म्हणायच्या. परत आल्या की कानाजवळचा गालाचा कोपरा आत आत हलत असायचा. अशी दोन वर्षं गेली.

कट् आवाज सुरू झाला तो त्यातच. मग कानापुढे दुखायला लागलं, सकाळी तोंड नीट उघडेना. खणखणीत शिकवणारी बाई काठीने नकाशा दाखवून तास भागवू लागली. स्टाफरूममध्ये तर जो तो दंतवैद्य. मोठे सर म्हणाले, "म्या सांगतलं नव्हतं? दात काढले का जबड्याची जागा सुटते." कुणी डॉक्टरवर केस करा म्हणालं. वडिलांनी आईला दोष दिला, आईने नशिबाला. ज्यांनी हे करायला लावलं त्यांचं नाव एकाच्याही तोंडात नाही. मला याचीच चीड.

मॅडम पुन्हा अकोल्याला जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच सांगू लागल्या. डॉक्टर म्हणे, दात काढल्याने सांधा बिघडतो असं दिसत नाही, कधीच दात न काढलेल्यांचाही असाच वाजतो. तुम्ही दात आवळून धरता का?

"मी म्हनलं, मले काय माहीत? तं ते म्हणे, आताही आवळूनच बसल्या हायेत तुम्ही!" मॅडम हसल्या. "ओठ मिटलेले, दात सुटलेले, असं राहाले सांगतलं. दोन वर्षं झाले ताई, त्या बाईले हो म्हनून राह्यली. दात नाही खाऊ तं काय खाऊ?"

डॉक्टरांनी काही दिवस मऊ खायला सांगितलं, जबड्याचा व्यायाम दिला आणि तोंड किती उघडतं ते बघायची एक युक्तीही शिकवली. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायची. जातात, तर ठीक. त्या दिवशी अख्ख्या स्टाफरूमने तोंडात बोटं घातली. दिवसभर सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळणारे खेळाचे सर तेवढे "माहा तास हाये" म्हणून उठून गेले. त्यांचा तास नव्हता.

तारा निघाल्यावर नांदुऱ्याची मंडळी शेवटचं बघायला सुलतानपूरला आली. मॅडमनी मला सोबत बोलावलं होतं. मुलगा, त्याची आई आणि त्याचा काका. हे काका बैलबाजारातले जुने दलाल. पोह्यांच्या ताटल्या अजून हातात होत्या, तोच काका म्हणाले, "पोरी, आ कर बरं जरा."

वाटलं, थट्टा असेल. थट्टा नव्हती. मॅडमनी वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी जमिनीकडे. मॅडमनी आ केला. काका उठून जवळ आले, चष्मा वर केला आणि बोट हवेत नाचवत दात मोजू लागले. बैलाचं वय दातांवरून ठरवतात. हा माणूस जन्मभर तेच करत आला होता. इथेही त्याने तेच केलं.

"चार कमी हायेत," काका म्हणाले. "वय किती सांगतलं होतं इचं?"

मुलाची आई मॅडमच्या कानाशी कान नेऊन म्हणाली, "अन् आवाज येते म्हने. मिट बरं." त्या बाईच्या डोक्याच्या तेलाचा वास मला अजून आठवतो.

"तुम्हीच तं सांगतलं होतं, आत घ्या म्हनून," वडील हात जोडून म्हणाले.

"आत घ्या म्हनलं होतं. काढा म्हनलं होतं काय?"

हे वाक्य त्या बाईने सहज, पोह्यांवर लिंबू पिळत म्हटलं. मुलगा तोंडावर रुमाल धरून मोबाइल बघत होता.

मॅडमनी दोन्ही हातांची बोटं कानांपुढे नेली. "थांबा," त्या म्हणाल्या, "कब्जा बसू द्या माहा." कट्. बैठकीत सगळ्यांना ऐकू गेला.

"काका, माहे मोजून झाले असतीन तं आता तुमच्या पोराले आ कराले सांगा."

"काऊन?" आई ताडकन म्हणाली.

"पाहाचं हाये. मले नाही पाहाचं काय?"

काका हसले. त्यांना यात वावगं वाटलं नसावं. बाजारात दोन्हीकडचं जनावर बघतात. त्यांनीच पुतण्याचा रुमाल ओढला. मॅडमनी तीन बोटं उभी धरून दाखवली, अशी घाला म्हणाल्या. त्याने घातली. दोनही जाईनात. दातांवर खर्ऱ्याचा तपकिरी थर, आणि गाल आतून असे ताठ की तोंड त्याहून उघडेचना. तो जोर लावत राहिला, डोळ्यांत पाणी आलं. आई दुसरीकडे पाहत होती. तिला ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. ठाऊक असून ही बाई दर महिन्याला दुसऱ्याच्या लेकीचे दात विचारत होती!

मॅडम त्याला ओरडल्या नाहीत. आवाज उतरवून म्हणाल्या, "अहो, खर्रा आजच बंद करा. अन् डॉक्टरले दाखवा, उशीर नका करू. अकोल्याचा नंबर देते मी." त्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मोबाइल पुढे केला. त्यांनी त्यात नंबर टाकून दिला. मग वडिलांकडे वळल्या. "बाबा, मले हे घर नाही करायचं."

पुढे नांदुऱ्यात झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. पोरीचा जबडा निखळलेला आहे आणि तोंडही फार चालतं, असं ती बाई सांगत फिरली. मॅडमच्या वडिलांनी बरेच दिवस अबोला धरला. मॅडमचं दुखणं मात्र हळूहळू गेलं आणि वर्गातले वारे पुन्हा माझ्या वर्गात येऊ लागले. आवाज तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले होते, दुखत नसेल तर वाजू द्या.

गेल्या वर्षी त्यांची लांब बदली झाली. आता भूगोलाला नवे सर आहेत, हळू बोलतात. जेवणाच्या टेबलावर पहिल्या घासाआधी आम्ही अजून क्षणभर थांबतो, कुणी न सांगता.

परवा आमच्या शेजारच्या मुलीला बघायला लोक आले. मलाही बोलावलं होतं. चहा झाला आणि पाहुण्यांतली एक बाई मुलीला म्हणाली, "जरा हस बरं. दात दिसू दे." मुलीची आई हसली, मुलगी हसायला लागली. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते, कानापुढे कळ आली तेव्हा समजलं. मी ते सोडवले.

"थांबा," मी म्हणाले.