घासून झिजलेलं वजन

रेवणसिद्धआप्पांना कुणी भांडीवाले म्हटलं की ते दिवसभर फुगून बसत. कळंबच्या बाजारात त्यांच्या आजोबांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक भट्टी, एक ऐरण आणि कानशी. पण तिथले पितळी तराजू आणि तोळ्यामाशाची वजनं लांबलांबच्या सराफांकडं, वैद्यांकडं जात. आता आप्पा एकटेच उरलेत, तोरा मात्र दहा जणांचा.

आजोबांचं एक मूळ वजन होतं. नवं वजन त्याच्याशी ताडून, कानशीनं घासत बरोबर करायचं. आजोबा ते कापडात गुंडाळून पेटीत ठेवत. आप्पांना ते पटेना. ज्याच्यावर घर चाललं ते अंधारात कशाला? त्यांनी ते देव्हाऱ्यात लिंगाशेजारी मांडलं आणि दर सोमवारी चिंच लावून, राखेनं घासून लख्ख करू लागले. भक्तीच अशी दांडगी, की टोकायची कुणाची छाती नव्हती.

परवा आजोबांच्या हातचं एक जुनं वजन कडी बसवायला आलं. आप्पांनी सहज ते मूळ वजनासमोर टाकलं. मूळ वजन वर गेलं. पारडी बदलली, तरी वरच. मूळ वजन घासून घासून झिजलं होतं, आणि त्यावरून त्यांनी केलेलं प्रत्येक वजन हलकं होतं. ते इतके शरमले, की तिथंच बसलेल्या मला, त्यांच्या शेजाऱ्याला, नजर वळवावी लागली.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते तेरला गेले. तिथं नागूबाईंचं सुंठ-वेखंडाचं दुकान, वजनं आप्पांच्या हातची. गादीवर मुलगा सोमलिंग होता. नागूबाई मागं हिरडे निवडत होत्या.

"नागूबाई, माझी वजनं खोटी हैत. तुमच्या गिऱ्हाइकाला कमी गेलं. पाप माझं हाय."

त्यांचा हात थांबला. "कमी तोलती म्हून गावभर बोभाटा झाला, आप्पा. पुरंच तोलते म्हून म्या लेकाच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली."

"मग?"

"त्याच लेकानं मला गादीवरनं उठवलं. मला काय सांगता? त्येला सांगा."

आप्पा पुढं गेले. टोपी काढून हातात घेतली आणि उभ्या गिऱ्हाइकांदेखत सगळं सांगितलं. मान वर झालीच नाही.

सोमलिंगच्या हातातली पुडी सुटली. तो गादीवरून खाली उतरला. "आई, ये. बस."

नागूबाईंनी हिरड्यांचं सूप पुढं ओढलं आणि निवडत राहिल्या.