चार अक्षरांचा बाबा

अ‍ॅडॅप्टर तापला की प्लास्टिकचा जो वास येतो, त्यानं मला माधव नगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमधली ती दुपार आठवते. मी सहावीत होतो. मामानं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्यात तलवारीनं राक्षस मारायचे, आणि खेळ इतका अवघड की पहिला पूलसुद्धा ओलांडता येत नसे. सुरुवातीला नायकाचं नाव टाकायचं, इंग्रजी चार अक्षरांत. मी 'बाबा' टाकलं. माझे बाबा मालगाडीवर गार्ड. सकाळी येणार होते, चार वाजले तरी पत्ता नव्हता. पुलावर राक्षसानं नायकाला आडवं केलं, तसा शेजारचा हिंदी बोलणारा मित्र ओरडला, "अबे, तेरा बाबा तो मर गया!" त्याच्या लेखी बाबा म्हणजे वडील नव्हे, नदीकाठच्या रामघाटावरचा कुणी जटाधारी साधू. स्वयंपाकघरात आईच्या हातून पातेलं पडलं. ती दारात आली, टीव्हीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "असलं बोलू नये रे घरात. वास्तू तथास्तु म्हणते." बाबांना तसं मेलेलं ठेवून टीव्ही बंद करवेना. मी खेळ पुन्हा सुरू केला, राक्षस जिथं येत नाहीत त्या गावातल्या विहिरीपाशी त्यांना उभं केलं आणि बटणाला हातच लावला नाही. दिवे लागायच्या वेळी फाटकाशी बाबांची सायकल खडखडली, तेव्हा कुठे मी टीव्ही बंद केला. परवा माझी मुलगी असलाच खेळ मांडून बसली आणि म्हणाली, "बाबा, तुझंच नाव टाकलंय हं." मी घाईनं विचारलं, "विहीर कुठाय?"